सेमीचा निकाल देणाऱ्या रायटरचे मृत्युपत्र

मी, गोपाळकृष्ण वामन आपशिंगेकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दस्त लिहिणे (आता बंद), म्हणून लोकांत 'रायटर', राहणार फलटण, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. पाय सुजतात, चार पायऱ्या चढलो की दम लागतो, पण त्याचा अकलेशी संबंध नाही. कोणी दाब आणलेला नाही, फूस लावलेली नाही. खरे तर या कागदाची कोणाला घाईच नव्हती. तहसील कचेरीबाहेर बसून तेहतीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहिली. स्वतःचे लिहायला बसलो तर तिसऱ्या ओळीलाच कंटाळा आला. तरी पुरे करतो.

कलम १. फलटणचे दोन खोल्यांचे घर, मागच्या सीताफळाच्या झाडासह, मुलगा मुकुल आणि मुलगी भार्गवी यांना समान. मुकुल पुण्यात असतो. घर विकू या, असे तो दर दिवाळीला म्हणतो. विकावे. फक्त भार्गवीची सही घेण्याआधी तिला सांगलीहून बोलावून चहा पाजावा, सही करायला पोस्टाने कागद पाठवू नये.

कलम २. पोस्टात जे काही शिल्लक निघेल ते भार्गवीचे. दोन वर्षे सांगलीहून येऊन-जाऊन माझी पथ्ये तिने सांभाळली. मुकुलने पथ्ये सांगितली, सांभाळली नाहीत.

कलम ३. कचेरीबाहेरचे टेबल आणि शाईचे सामान या कागदात धरू नये. ते शेजारी बसणारा टायपिस्ट धम्मपाल निकाळजे याला कालच दिले. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवायचे नाही, हा माझा धंद्यातला नियम होता.

कलम ४. माझी दुर्बीण वाईचे मेहुणे देवदत्त यांनी किल्ला बघायला म्हणून नेली, त्याला आठ वर्षे झाली. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. मात्र माझ्या तेराव्याला त्यांनी 'भावजींचा माझ्यावर फार जीव' असे म्हणू नये.

कलम ५. बैलगाडी शर्यतींच्या सतरा वह्या. माझ्या दारात बैल कधी नव्हता. माझी दिवंगत पत्नी शरयू म्हणायची, "बैलासमोर उभं राहायची छाती नाही, आणि गाडीवानांना मार्क देताय!" खरे होते. पण फलटणपासून शिराळ्यापर्यंत एकही मोठे मैदान मी सोडले नाही. कोणता गाडीवान पहिल्या फेरीच्या गटात कसा धावला, सेमीत कसा, हे लिहून मी फायनलआधी अंदाज सांगायचो आणि लोक ऐकायचे. त्या ऐकण्याचीच मला चटक लागली.

येत्या रविवारी भैरवाच्या वाडीच्या यात्रेचे मैदान आहे. यंदाची नोंद इथेच करतो, नवी वही आणण्याचा उत्साह उरलेला नाही. नाथाजी: गटात झोपल्यासारखा, पण शेवटच्या पन्नास पावलांत उठतो, यंदा सहा मैदानांत चारदा फायनल गाठली, तरी कासऱ्यावरचा हात आता थरथरतो. शिराळ्याचा अर्जुना: सेमीपर्यंत वाघ, फायनलला गर्दी बघून बिथरतो. बैल नव्हे, अर्जुना. जतचा यल्लाप्पा: बैलांशी कानडीत बोलतो, चाबूक उचलत नाही, यंदा एकाही गटात मागे राहिलेला नाही. रविवारी तोच, असे माझे मत.

सर्व वह्या यल्लाप्पाला द्याव्यात. त्याला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे त्याचे त्यातून काही नुकसान होणार नाही.

कलम ६. हे लिहिण्यासाठीच वरची पाच लिहिली.

१९९१ सालच्या भैरवाच्या वाडीच्या यात्रेत मला पंच म्हणून निकालाच्या रेषेवर बसवले. माझ्याकडे बैल नाही म्हणून मी कोणाचा नाही, आणि माझ्याकडे वह्या आहेत म्हणून मला कळते, असा हिशेब. दुसऱ्या सेमीत नाथाजी आणि ज्ञानू मदने यांच्या गाड्या एकमेकींना घासून आल्या. ज्ञानू याच वाडीचा, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. गाडी बागायतदार भाऊसोंची. रेषेच्या अलीकडे वावटळ उठली आणि दोन्ही गाड्या धुळीतून गेल्या. मला काही दिसले नाही.

सेमी पुन्हा पळवा, एवढे म्हणायला हवे होते. पण ज्याचा शब्द सगळे मैदान ऐकते त्या माणसाला 'दिसले नाही' हे तोंडातून काढवेना. मांडीवर वही होती. तिच्यात लिहिलेले होते की नाथाजी शेवटी उठतो आणि ज्ञानू शेवटी मंदावतो. मी वही बघून निकाल दिला. नाथाजी.

भाऊसो धावत अंगावर आले. "रायटर, माजी गाडी फुडं हुती!" मी म्हणालो, "तुमच्या गाडीवानाने शेवटी कासरा ओढला, त्याला मी काय करू?"

हे धादांत खोटे होते. ज्ञानूचा कासराच काय, मला त्याचे बैलही दिसले नव्हते. निकाल वाचवायला मी ते बोललो. दिवस मावळायच्या आत गावभर झाले की ज्ञानूने पैसे खाऊन कासरा ओढला, बैल मुद्दाम मागे धरले. पैशाचे मी बोललो नव्हतो, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. ती आता पटत नाही. भाऊसोंनी दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवरून उतरवले, पुन्हा कोणी बसवले नाही. सहा वर्षे तो जतकडे पाण्याचा टँकर चालवतो. त्याची आई बाळाबाई बाजारात भेटली की मला अजून हात जोडते. मला त्याची लाज वाटते.

सबब, माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या यात्रेत, फायनल सुटण्याआधी, भार्गवीने हे कलम भोंग्यावरून मोठ्याने वाचावे. ज्ञानूच्या नावे मी काही ठेवलेले नाही. ठेवले असते तर तोंड बंद करायला ठेवले असे झाले असते.

इथपर्यंत लिहून झाल्यावर साक्षीदारांना बोलावले. दोन सह्यांशिवाय मृत्युपत्र म्हणजे रद्दी. पहिला धम्मपाल. दुसरा म्हणून मुद्दाम ज्ञानूला बोलावले. यात्रेसाठी तो गावी आला आहे. वाटले, सही करताना त्याला कळेल आणि मला माझ्या तोंडाने सांगावे लागणार नाही. धम्मपालने सहावे कलम वाचून दाखवले. पुढे जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

ज्ञानू पेन हातात धरून ऐकत होता. म्हणाला, "आवं रायटरसाहेब, हे वाचायचं कवा?"

"मी गेल्यावर."

"म्हंजे तवर मी चोरच."

मी दमाचे कारण सांगितले, गर्दीचे सांगितले. त्याने ऐकून घेतले.

"माजी आई लय थकलीया," तो म्हणाला. "यात्रेत बाया तिला इच्चारत्यात, तुजा ज्ञानू आलाय का गं, आन् हसत्यात. ती तुमच्या आदी गेली, तर तिनं हे कवा ऐकायचं? आन् तुमी गेल्यावर तुमाला कोन काय म्हननार? शिव्या खायला तुमी नसनारच की." त्याने पेन टेबलावर ठेवले. आवाज चढवला नाही. "रविवारी फायनलच्या आदी भोंगा तुमी सवता धरा. सोमवारी सकाळी येतो मी सही कराय. न्हाई धरला, तर तुमचा कागद तुमाला."

तो गेल्यावर धम्मपाल म्हणाला, "रायटर, दुसरा साक्षीदार अर्ध्या तासात आणतो. कचेरीबाहेर पन्नास जण बसलेत."

मी नको म्हणालो. मला भीती वाटते, हे इथे लिहितो. समोर भाऊसो असतील, नाथाजी असेल, गावोगावची माणसे असतील, आणि बायकांच्या बाजूला बाळाबाई. तिच्याकडे बघून मला बोलता येईल की नाही, ठाऊक नाही.

तरी, कलम सहावे रद्द करतो. ते काम मी जिवंतपणी, स्वतः करणार आहे. बाकीची पाच कलमे ज्ञानू मदने याची सही झाल्यावरच खरी मानावीत. त्याची सही खाली नसेल, तर घर, पैसा आणि वह्या यांचे कायद्याने जे व्हायचे ते होवो, आणि मी रविवारी बोललो नाही असे सर्वांनी समजावे.

ठिकाण: फलटण
दिनांक: २५ एप्रिल १९९७, शुक्रवार

लिहून देणार: गोपाळकृष्ण वामन आपशिंगेकर (सही)

साक्षीदार:
१. धम्मपाल निकाळजे, टायपिस्ट, फलटण (सही)
२. ज्ञानू बाबू मदने, गाडीवान, भैरवाची वाडी