डेअर, दसरा आणि सुपरवायझरची खुर्ची

२७ सप्टेंबर, शुक्रवार. सुट्टी.
आमच्या केमिकल कंपनीत सुपरवायझरची खुर्ची रिकामी झाली. माझ्याइतका जुना ऑपरेटर दुसरा नाही, त्यामुळे प्रश्नच नाही. दसऱ्याला ललितशेठ मशीनची पूजा करायला प्लांटात येतात. त्या दिवशी ज्याने जे मागितलं त्याला शेठ नाही म्हणत नाहीत. एकाला एकच मागणी. मी इंग्रजीतून मागणार. आजपासून स्वराचं ग्रामरचं पुस्तक माझ्याकडे. पोरीला सध्या लागत नाही.

२८ सप्टेंबर.
लागतं. परीक्षा आहे. रडली. पुस्तक संध्याकाळपुरतं माझं.

३० सप्टेंबर.
कॅन, मे, मस्ट कुणालाही येतात. आपण डेअर धरला. कधी मोडल, म्हणजे कॅनसारखं सहायक, कधी साधं क्रियापद. मोडल असलं की मागे डू नाही, पुढे टू नाही, कर्ता ‘ही’ म्हणजे तो असला तरी शेवटी एस नाही. आमच्या प्लांटातल्या सुजितसारखं. मस्टरवर परमनंट, वागायला कंत्राटी. शिवाय येतं बहुतेक प्रश्नात नाहीतर नकारात. हिमतीचा शब्द नकारात कशाला? उद्या बघू.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.
वाक्य तयार: डेअर आय आस्क? अदब आहे, रुबाबही आहे. दीपिका म्हणाली, शेठला हिंदी येते, तुमी सरळ सांगा ना, इंग्लिस कशाला पायजे? बायकोला स्पर्धेचं युग कळत नाही.
खरं म्हणजे मला नाइट शिफ्टचा वीट आलाय. सुपरवायझरला नाइट नसते. मी दिवसा झोपतो तेव्हा स्वरा घरात चपला हातात घेऊन फिरते. ते बघवत नाही.

८ ऑक्टोबर.
सुजितने विचारलं, डेअर आय आस्क झाल्यावर पुढे काय बोलणार? सांगितलं, अवघड पक्कं झालं की सोपं आपोआप येतं.

११ ऑक्टोबर.
घशाला आराम म्हणून मौन. दीपिकाने भाजी कुठली करू विचारलं. खुणेने भेंडी सांगितली. कारलं आलं.

१२ ऑक्टोबर. दसरा.
हार, नारळ, पेढे झाले. माझी पाळी आली. म्हणालो, सर, डेअर आय आस्क? उच्चार एक नंबर. शेठ खूश, म्हणाले, आस्क, आस्क! पुढचं काही आठवेना. डोक्यात फक्त डू नाही, टू नाही, एस नाही. घसा सुकला. तोंडातून निघालं, वॉटर.
शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, ये आदमी अपने लिये नहीं, सबके लिये पानी मांगता है. टाळ्या.
मग सुजितने हिंदीतून खुर्ची मागितली. मिळाली.

१३ ऑक्टोबर.
पुस्तक जुन्या आवृत्तीचं आहे. दीपिका म्हणाली मी हसणार नाय, आणि पदर तोंडाला लावून मोरीत गेली.

१७ ऑक्टोबर.
प्लांटात वॉटर कूलर बसला. सगळे माझं नाव घेऊन पाणी पितात. कूलर धुवायची जबाबदारी सुपरवायझरसाहेबांनी, म्हणजे सुजितने, माझ्याकडेच दिली. दिवसा गर्दी असते, म्हणून धुणं रात्री. माझी नाइट कायम झाली.