पाहुणा मासा

१८ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण जिना चढताना माझ्यावर तोंडसुख घेण्याइतका दम अजून शिल्लक आहे. खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय. लिफ्ट अडकली की ते थेट माझं दार वाजवतात. निवृत्त झालो तरी लिफ्टवाला तो लिफ्टवालाच.

तुझ्या दुसऱ्या लग्नानंतर तुम्ही दोघं पहिल्यांदा आलात तेव्हा आमचं काही मन दुखावलं का, असं तू विचारलं आहेस. त्यानंतर दोनदा यायचं म्हणालीस आणि दोन्ही वेळा मी टाळलं. एकदा रंगकाम सांगितलं, एकदा खोकला. घराला रंग लावलेला नाही आणि खोकलाही नव्हता. टाकीतले मासे गेले, सूनबाई. रिकामी टाकी तुला दाखवायचा मला धीर होत नव्हता.

तुझे यजमान त्या दिवशी मासा घेऊन आले होते. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि ती कुणाची होती, हे तू त्यांना सांगितलंच असणार. पायमोजांवर हॉलमध्ये उभे होते, दोन्ही हातांनी पिशवी धरून, तोंडी परीक्षेला आल्यासारखे. आपल्या पोराचा नियम मला पाठ होता. नवा मासा कितीही धडधाकट दिसो, आधी न्हाणीघरातल्या लहान टाकीत महिनाभर वेगळा ठेवायचा, मगच इतरांत सोडायचा. पण त्यांच्यादेखत मासा बाजूला कसा ठेवू? मला वाटलं, त्यांनाच बाजूला ठेवल्यासारखं होईल. तूही माझ्याकडेच बघत होतीस. मी मासा सरळ मोठ्या टाकीत सोडला. तुझा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

पंधरवड्यात टाकीतल्या आपल्या शेठाणीच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. मग तिच्या जोडीदाराच्या, शेठच्या. दोघंही दगडाला अंग घासायला लागली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, हे परजीवी आहेत. माशाच्या अंगावर पोसतात, मग गळून वाळूत पडतात, तिथे एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधत निघतात. मोठ्या टाकीत औषध घातलं तर प्रवाळ मरणार. म्हणून सगळे मासे लहान टाकीत काढून तिथे तांब्याचं औषध द्यायचं, आणि मोठी टाकी अडीच महिने माशांवाचून चालू ठेवायची. मासाच मिळाला नाही की तो आजार तिथे उपासमारीने संपतो.

सगळं केलं. मी भिंग लावून औषध मोजायचो, सासूबाई पाणी बदलायच्या. पण उशीर झाला होता. आधी तो निळा मासा गेला, मग शेठ. त्याला सदान्‌कदा दामटणारी शेठाणी त्यानंतर कोपऱ्यातून हललीच नाही. तीही गेली.

तू आणि आपल्या पोरानं हौसेनं आणलेली ती जोडी. दवाखान्यातून तो फोन करायचा तेव्हा आधी शेठाणी जेवली का विचारायचा, मग माझी चौकशी. तू इथून जाताना टाकी नेली नाहीस, म्हणालीस, त्याचं काहीतरी चालतंफिरतं तुमच्याजवळ राहू दे. तेवढंही मला राखता आलं नाही. तू फोनवर विचारायचीस आणि मी म्हणायचो, मजेत आहेत.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहितो. वाचला तो एकच, तुझ्या यजमानांचा. त्याच्या अंगावर एक ठिपका नाही. मला त्याचा राग आला. माशाचा राग म्हणावा तर तेही खरं नाही. आपला पोरगा गेला आणि त्याच्या जागी दुसरा कुणी ठणठणीत उभा आहे, याचा राग होता. तुझ्या लग्नात मी हसतमुखाने फिरत होतो तेव्हाही तो आत होताच. दोन दिवस मी त्या माशाला खायला घातलं नाही.

सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी डबी उघडली, चिमूटभर खाणं पाण्यात टाकलं आणि म्हणाल्या, "ह्याला उपाशी ठेवून आपला येणार आहे का?"

मी तिथेच न्हाणीघरात स्टुलावर बसून रडलो. तो गेला तेव्हा इतका रडलो नव्हतो. तेव्हा घरात माणसं होती, सह्या करायच्या होत्या, कुणाकुणाला कळवायचं होतं. सासूबाई दाराशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत.

आजार त्या पिशवीतून आला, हे तुझ्या यजमानांना कळू देऊ नकोस. म्हाताऱ्याच्या हातून हलगर्जी झाली, एवढंच सांग. ते खरंही आहे. नाहीतर तो भला माणूस पुन्हा हातात काही घेऊन कुणाच्या दारात उभा राहणार नाही.

मोठी टाकी अजून तशीच आहे. दिवा लागतो, पंप चालतो, आत कुणी नाही. सासूबाई तिच्यासमोर बसून भाजी निवडतात. पुढच्या महिन्यात मुदत संपते. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही दोघं या, आणि राहायला या. मासा मी मोठ्या टाकीत सोडणार नाही. ते काम जावईबापूंचं. त्या वेळी माझे डोळे भरून आले तर येऊ देत. तू मला सावरायला येऊ नकोस, त्यांच्याजवळ उभी राहा.

तुझे, आणि जमेल तसे त्यांचेही,
बाबा