चौदा माझे, चौदा हिंदुरावांचे

मी, बिरदेव म्हस्कू कोळेकर, वय वर्षे बासष्ट, धंदा शेती व त्याआधी बावीस वर्षे बारामतीच्या एका महाविद्यालयात खेळाचा शिक्षक, राहणार वडगाव निंबाळकर, तालुका बारामती, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरण तर इतके शाबूत आहे की घरच्यांना त्याचा त्रास होतो. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही, काही पाजलेले नाही. उलट पत्नी सौ. कुशाबाई गेले दोन तास जेवायला उठा म्हणून मागे लागली आहे.

दिवाळीत मैदानावर पळता पळता मी आडवा झालो आणि चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, इथून पुढे पळायचे नाही, ओरडायचे नाही. फुटबॉल शिकवणाऱ्याला हे सांगणे म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणण्यासारखे आहे. तब्येत आता झकास आहे, पण एक काळजी लागून राहिली. माझी नात प्रतिक्षा हिने गावातल्या पोरींचा फुटबॉलचा संघ जमवला आहे आणि माझ्या चाळीस गुंठ्यांत मी त्यांना शिकवतो. माझ्यामागे त्या पोरींचे मैदान जाऊ नये आणि त्यांना शिकवणारा माणूस मिळावा, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. बाकीची कलमे तोंडी लावायला आहेत.

कलम १. वडगावचे चार खोल्यांचे घर कुशाबाई हयात असेपर्यंत तिचे. नंतर चिरंजीव दादासाहेब याचे. दोन म्हशी पहिल्यापासून तिच्याच आहेत. त्या मला जवळ उभे करत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर माझा हक्क सांगण्यात अर्थ नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते कुशाबाईचे. तिने त्यातून पहिल्यांदा स्वतःला चांगला चष्मा करावा. माझा घालून ती चाळीस वर्षे तांदूळ निवडते आहे आणि खड्यांचा दोष माझ्यावर येतो आहे.

कलम ३. माझी राजदूत मोटारसायकल दादासाहेब यास. तो एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला जातो व माझ्या गाडीला भंगार म्हणतो. म्हणूनच ती त्याला देत आहे. चढावर बंद पडली तर शिवी न देता थोडा वेळ तिच्याजवळ बसावे. आपली आपण सुरू होते.

कलम ४. माझी सायकल व बूट संघात डावीकडून खेळणाऱ्या नकोशी हिला. घरात चौथी मुलगी झाली म्हणून तिला हे नाव ठेवले. ठेवणाऱ्यांनी एकदा मैदानावर यावे. ही पोरगी शेजारच्या होळ गावापासून पायी येते, दोन तास पळते आणि परत पायी जाते. बूट तिला दोन नंबरने मोठे होतील, पुढे कापूस भरावा.

कलम ५. कपाटातले सगळे कप व ढाली कुशाबाईने हव्या तर ठेवाव्यात, नको तर कल्हईवाल्याला द्याव्यात. फक्त १९७९ चा कप कोणाला देऊ नये. त्यात ती मीठ ठेवते आणि मिठाची जागा बदलली की आमच्या घरात भांडण होते.

कलम ६. आता मुद्द्याचे. श्री. हिंदुराव आबाजी रणवरे, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, हे इंदापूरच्या महाविद्यालयात माझ्याच हुद्द्यावर होते. यंदा जूनमध्ये निवृत्त झाले. आम्ही दोघांनी बावीस वर्षे एकमेकांविरुद्ध संघ उतरवले. थोर कोण, यावर बारामतीच्या नि इंदापूरच्या चहावाल्यांचे प्रपंच चालले. मी स्वतः त्या वादात नेहमी माझ्या बाजूने बोललो आहे. मृत्युपत्रात खोटे लिहू नये असे म्हणतात, म्हणून आज खरे लिहितो.

आम्ही धनगर. वडील मेंढरे घेऊन रानोमाळ फिरले आणि मी त्या मेंढरांमागे वाढलो. त्यामुळे मला मैदानावर अकरा माणसे दिसतच नाहीत, एक कळप दिसतो. फट कुठे पडली, मागे कोण रेंगाळले, कोणाला वळवले की सगळे वळतील, हे मला डोळे मिटूनही कळते. शिट्टी मी कधी गळ्यात घातली नाही. जीभ टाळूला लावून वडिलांसारखा ‘ट्रुर्र’ केला की मेंढरे थांबतात, तशी माझी बचावाची चार पोरे जागच्या जागी थांबत. समोरचा गडी एकटाच पुढे जाई आणि ऑफसाइड सापडे. पंच बिचारे आवाज कुठून आला ते शोधत बसत.

हिंदुराव उसातले. त्यांनी मैदानात सऱ्या पाडल्या. म्हणजे खरोखरीच्या नाहीत, पण प्रत्येक गड्याला त्याची सरी नेमून दिलेली. ती सोडली की दुसऱ्या दिवशी मैदानाला दहा चकरा. पहिल्या अर्ध्यात आम्ही त्यांना नाचवायचो. दुसऱ्या अर्ध्यात माझी पोरे कंबरेवर हात ठेवून उभी राहत आणि त्यांची पोरे नुकतीच झोपून उठल्यासारखी ताजी असत. मला त्याचा फार राग यायचा.

वेगात मी सरस, दमात ते. डाव मला आधी कळायचा, पोर त्यांना आधी कळायचे. माझा गडी आजारी पडला तर मी दुसरा गडी बघायचो. हिंदुराव आजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या हातची भाकरी खाऊन येत, आणि तो पोरगा पुढे तीन वर्षे त्यांच्यासाठी जीव टाकून पळे. आता मागे काय उरले ते बघू. माझ्या पोरांतले सहा पोलिसात आहेत, एक एसटीत कंडक्टर आहे, आणि एक इतका जाड झाला आहे की मला बघून रस्ता बदलतो. हिंदुरावांची सात पोरे ठिकठिकाणच्या शाळांत खेळ शिकवतात. कप मोजले तर मी पुढे आहे. माणसे मोजली तर ते पुढे आहेत. हे वाक्य लिहिण्याआधी मी उठून पाणी प्यायलो.

एकूण सामने एकतीस. माझे चौदा, त्यांचे तेरा, बरोबरीत चार. बत्तिसावा मी आजवर धरत नव्हतो. त्याबद्दल पुढील कलम.

कलम ७. दिनांक १७ जानेवारी १९८८, इंदापूर, विभागाचा अंतिम सामना. शून्य-शून्य, शेवटची पाच मिनिटे. त्यांचा गडी चेंडू घेऊन आत घुसला, माझे चौघे त्याच्यावर धावले, आणि कुठून तरी खणखणीत ‘ट्रुर्र’ आला. चौघेही खांबासारखे थांबले. मी ओरडलो, उड्या मारल्या, टोपी फेकली. त्यांच्या गड्यालाही काय चालले ते कळेना. त्याने बिचकत बिचकत गोल केला. तो आवाज मी केला नव्हता.

मैदानाच्या कडेला एका रानात मेंढरे बसवलेली होती. पीक निघाले की शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरे रानात बसवून घेतात, त्यात नवल काही नाही. पण ते रान हिंदुरावांच्या चुलत्याचे होते. मी बक्षीस समारंभात माइक हातात घेऊन, दोन्ही प्राचार्यांच्या देखत, जाहीर केले की हिंदुरावांनी धनगर आणून बसवला आणि सामना चोरला. ते उठून माझ्याकडे आले. सगळ्यांना वाटले, आता जुंपणार. ते म्हणाले, “बिरदेवराव, जेवान तयार हाय. पोरांस्नी उपाशी न्हेऊ नका.” मी पोरांना उपाशी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे वडील घरी आले. घोंगडे खाली ठेवून म्हणाले, “आरं, ते म्या केलं. काळी मेंढी शेजारच्या कांद्यात शिरत व्हती. तुजी पोरं थांबत्याल, हे म्या काय जाणं?”

वडिलांना माझा खेळ एकदा बघायचा होता. मी त्यांना कधी बोलावले नव्हते. पागोटे, घोंगडे नि मेंढरांचा वास घेऊन प्राचार्यांशेजारी ते कसे दिसतील, या विचाराने बोलावले नव्हते. हेही लिहून टाकतो. म्हणून ते लासुर्ण्याला गेले आणि हिंदुरावांना म्हणाले, मेंढरे टाकून येता येत नाही, मैदानाजवळ कुठे बसवता येतील का. हिंदुरावांनी चुलत्याला गळ घालून ते रान मिळवून दिले. म्हणजे धनगर त्यांनीच आणला होता, ही माझी गोष्ट खरीच होती. फक्त माझ्या बापाला माझा सामना दिसावा म्हणून आणला होता.

तोवर माझे भाषण बारामतीभर झाले होते आणि मला ते गिळवेना. आज जवळजवळ अकरा वर्षे होत आली. लोकांनी त्यांचे नाव ‘मेंढरंवालं सर’ पाडले. स्वतःच्या निरोप समारंभातही त्यांनी ते ऐकून घेतले असे मला कळले. त्यांनी एकदा तोंड उघडले असते तर मी खोटा पडलो असतो, पण हसे माझ्या बापाचे झाले असते. म्हणून त्यांनी उघडले नाही. वडील १९९१ साली गेले, तेव्हा मातीला हिंदुराव आले होते, मागे उभे राहिले आणि तसेच निघून गेले. मला या सगळ्याची लाज वाटते. सबब या कागदावर लिहून देतो की तो सामना त्यांनी सरळ जिंकला. एकूण सामने बत्तीस. चौदा माझे, चौदा हिंदुरावांचे, चार बरोबरीत.

हे कलम मी कुशाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मेल्यावर माफी मागनार व्हय? जित्यापणी तोंड न्हाय का तुमास्नी?” मी म्हणालो, कायद्यात तशीच पद्धत आहे. ती भाकऱ्या थापायला गेली. तव्याचा आवाज जरा जास्त येत होता.

कलम ८. वडगावचे चाळीस गुंठे, ज्याचे मी मैदान केले, ते नात प्रतिक्षा हिला. ती आज पंधरा वर्षांची आहे. एकवीस पुरी होईपर्यंत मैदानाची व्यवस्था व संघाचे शिक्षण श्री. हिंदुराव रणवरे यांनी बघावे. दादासाहेबाने गेल्या महिन्यात पावले टाकून ते रान उसासाठी मोजले आणि गोलच्या जागी बोअर घ्यायचे ठरवले, हे मी खिडकीतून पाहिले आहे. पोरगा वाईट नाही, पण मोकळी जमीन दिसली की त्याचे हात शिवशिवतात.

या पोरींना माझा वेग आला आहे. दहाव्या मिनिटाला दोन गोल करतात आणि शेवटी शेवटी पाच खातात. त्यांना आता सऱ्या शिकवणारा माणूस पाहिजे, आणि दोन तालुक्यांत तो एकच आहे, आणि त्याचेच नाव मी खराब केले. त्यांनी नाही म्हटले तर मला बोलायला तोंड नाही. तसे झाल्यास मैदान दादासाहेबास द्यावे व त्याने खुशाल ऊस लावावा. शिकवणारा नसेल तर त्या रानात बाभळीच येणार आहेत, त्यापेक्षा ऊस बरा.

जादा मजकूर. वरील लिहून झाल्यावर आज दुपारी बारामतीत मोहनराव वकिलांकडे साक्षीदार म्हणून हिंदुरावांना बोलावले होते. कशासाठी ते कळवले नव्हते. ते आले. वकील म्हणाले, साक्षीदाराने फक्त सही होताना बघायची, आतला मजकूर वाचायची गरज नसते. मला हायसे वाटले. हिंदुराव म्हणाले, “वाचल्याबिगर म्या सोसायटीच्या कागदावर सही करत न्हाय, तर हितं कशी करीन?” आणि खुर्ची उजेडात ओढून बसले. अर्धा तास वाचत होते. सहाव्या कलमाला एकदा हसले. सातव्याला चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मी तेवढ्यात वकिलांच्या भिंतीवरची सगळी कॅलेंडरे पाहून घेतली. मग त्यांनी पेन मागितले. सहीसाठी एवढा वेळ कशाला लागतो म्हणून मी वाकून पाहिले, तर ते लिहीत होते. वकिलांनी हरकत घेतली, ती कोणी ऐकली नाही. तो मजकूर त्यांच्याच अक्षरात खाली आहे.

सही : बिरदेव म्हस्कू कोळेकर

साक्षीदार १. मी, हिंदुराव आबाजी रणवरे. सही करणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहेत. कलम ८ आहे तसे मला मान्य नाही. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते, आणि बिरदेवरावांकडे बघून ते इतक्यात मरतील असे वाटत नाही. तोवर या पोरी लेकुरवाळ्या होतील. म्हणून मी परवा सोमवारपासूनच येतो. लासुर्ण्याहून पहिल्या एसटीने बारामती, तिथून नीरेची गाडी, आठपर्यंत पोचेन. कलम ७ सुद्धा मेल्यावर उघडायचे नाही. सोमवारी पोरींना गोल बसवून त्यांनी ते स्वतः वाचावे, आणि म्हस्कूतात्यांचे नाव नीट, मोठ्याने घ्यावे. मग सराव सुरू करू.
सही : हिं. आ. रणवरे

वरील अटी मला मान्य. डॉक्टरांनी मोठ्याने बोलू नको सांगितले आहे, पण वडिलांचे नाव मी मोठ्यानेच घेईन. पुढे आवाज लागला नाही तर राहिलेले प्रतिक्षाने वाचावे.
सही : बिरदेव म्हस्कू कोळेकर

साक्षीदार २. मी, सावळाराम तात्याबा भिसे, महाविद्यालयाचा निवृत्त मैदान शिपाई. मजकूर वाचला नाही, सगळ्या सह्या समोर झाल्या. सोमवारी मैदान आखायला फक्कीची तीन पोती लागतील. ती कोण आणणार ते आजच सांगावे, उद्या रविवार आहे, दुकान बंद असते.
सही : सा. ता. भिसे

ठिकाण : बारामती
दिनांक : १२ डिसेंबर १९९८, शनिवार