टायरमधली हवा

आप्पा, परवा मी तुमची जीप भुईगावच्या समुद्रावर नेली होती. युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेली, तीच. अजून चालते. केळीचे घड वाहून मागची फळी तेवढी झिजली आहे. मला गाडी शिकवायला तुम्ही तिथेच नेलं होतं. ताडांपासून ओल्या वाळूपर्यंतचा कोरडा पट्टा फसवा, म्हणून आधी उतरून चारी टायरांतली थोडी हवा काडीने सोडायची, मग चारी चाकांना जोर देणारा दांडा टाकायचा. मध्ये थांबायचं नाही, एकदम वळवायचं नाही, चाक जागच्या जागी फिरू लागलं तर लगेच पाय काढायचा. "टायरचं पोट जरा सुटू दे," तुम्ही म्हणायचात. "टणक चाक नुसतं खड्डा खणतं."

आईला बागेत घोणस चावली तेव्हा रस्त्यावरची मोरी खचलेली होती. वसईच्या दवाखान्यात जायला वाळूचाच मार्ग होता. आई मागे आडवी आहे, डोकं माझ्या मांडीवर, पाय सुजून काळानिळा. तुम्ही ताडांपाशी गाडी थांबवून उतरता. पहिल्या चाकातली हवा सूं करत सुटते. बरोबर आलेला मामा तुमचा खांदा धरतो. "दाजी, ताई मरतेय आणि तुम्ही हवा कसली काढताय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "रुतली तर मग खरंच मरेल." आणि पुढच्या चाकाकडे जाता. आई विचारते, का थांबलो. मी सांगतो, निघतोच आहोत.

गाडी कुठेही अडली नाही. ओल्या वाळूवर तर सुसाट गेली. पण दवाखाना यायच्या आतच आईने धरलेला माझा हात सुटला. तेराव्याला मामा सगळ्यांदेखत म्हणाला की हवा काढेपर्यंत माझी बहीण गेली. तुम्ही पत्रावळी उचलत होतात, तशाच उचलत राहिलात. पुढे तुम्हीही गेलात, तोवर त्यावर आपलं बोलणं कधी झालं नाही.

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या मांडवात मामाने तेच माझ्या बायकोला सांगितलं. आता म्हातारा झालाय, सांगताना रडत होता. म्हणून परवा गेलो. टायर भरलेलेच ठेवून गाडी कोरड्या वाळूत घातली, बाकी सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. अर्ध्या पट्ट्यातच मागची चाकं बसली. मी पाय काढला, उतरलो, काडी शोधून हवा सोडली, चाकांपुढची वाळू हातांनी उपसली. गाडी निघाली.

तुम्ही असतात तर तुमचं बरोबर होतं एवढं सांगून थांबलो असतो. पण हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. टायर भरलेले असूनही गाडी पार व्हावी, असंच मला वाटत होतं. झाली असती तर रागवायला कोणीतरी मिळालं असतं.