लालवर पांढरा

वागुर, फेरो बेटं
जून १९४५

प्रिय हानुसदादा,

कोपनहेगनचं टपाल पुन्हा सुरू झालं, असं काल दुकानात कळलं आणि आज लिहायला बसले. लढाईच्या सगळ्या वर्षांत तुझं एक अक्षर नाही. तू धडधाकट आहेस असं धरूनच लिहिते आहे. आई हिंडती-फिरती आहे, पण फारशी बोलत नाही.

माझ्या लग्नात तू घरावर डेन्मार्कच्या लाल निशाणाऐवजी आपलं फेरोचं निशाण चढवलंस, पांढऱ्यावर निळ्या काठाचा लाल क्रूस, आणि बाबांनी ते पाहुण्यांदेखत खाली ओढलं. कॉलेजातल्या चार पोरांनी खोलीत बसून काढलेलं चित्र, असं म्हणायचे त्याला. डेन्मार्कबद्दल त्यांना फार प्रेम होतं असंही नाही. आजोबांच्या शवपेटीवर ते लाल निशाण पांघरलेलं होतं, एवढंच. तूही कमी हट्टी नाहीस. बाबांच्या हातानं आपलं निशाण चढेपर्यंत उंबरा ओलांडणार नाही म्हणालास, आणि खरंच आला नाहीस. तुम्हा दोघांच्या ताठ्यापायी आई झिजली. तुझा मला अजून राग येतो.

मग जर्मन डेन्मार्कमध्ये शिरले. डेन्मार्कचं निशाण आता शत्रूचं ठरणार, म्हणून इंग्रजांनी कळवलं, की त्यांच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या आपल्या बोटींनी यापुढे फेरोचं निशाण लावावं. गाव नाचलं. बाबा घुम्यासारखे बसून राहिले. मग एका सकाळी डबा आणि कुंचला घेऊन स्वतःच बोटीच्या कडेला लटकले. तिथे डेन्मार्कचं निशाण रंगवलेलं होतं. लालवर पांढरा बसेना, सारखा गुलाबी दिसायचा. धक्क्यावरून कुणीतरी टोमणा मारला, "काय डान्याल, जुनी सोयरीक सुटत नाही वाटतं?" बाबांनी कुंचला पुन्हा डब्यात बुडवला. रंग वाळला की पुन्हा हात देत राहिले. क्रूस नेमका कुठे उभा करायचा, ते मला विचारलं. मधोमध नाही, काठीच्या बाजूला सरकवून, असं मी सांगितलं.

मासे घेऊन स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला निघताना डोलकाठीवरचं कापडी निशाणही त्यांनीच चढवलं. मला म्हणाले, "टपाल सुरू झालं की त्या हट्ट्याला लिही. म्हणावं, चढवलं रे तुझं निशाण. आता घरी ये."

दादा, ती बोट परत आली नाही. सुरुंग होता की पाणबुडी, कुणालाच माहीत नाही. त्यांचा निरोप इतकी वर्षं माझ्यापाशी पडून होता, तो आज पोचवला. आलास तरी ते भेटणार नाहीत, हे मात्र माझं मला लिहावं लागतंय.

तुझीच,
सन्निवा