कुंड्यांना पाणी

मंगळवार, संध्याकाळ. उस्मानपुरा.

आज डोकंच फिरलं. आमची गल्ली फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवून बघायचा प्रयोग म्हणून महापालिकेनं तिच्या तोंडाशीच सिमेंटच्या कुंड्या मांडल्या. नळाला आठवडाभर पाणी नाय, आणि टँकर त्या कुंड्यांपाशी अडला. शेजारच्या काकू गुडघा धरत तिथून घरापर्यंत हंडे वाहत होत्या. प्रयोगाच्या साहेबाला म्हटलं, टँकरपुरती तरी वाट ठेवा. तर म्हणतो, "प्रयोग आहे, थोडं सहन करा."

कुणी? दर वेळी आम्हीच? त्याच्या घरापुढं का नाय प्रयोग?

वर आणि निघताना काकूंना सांगतो, "मावशी, कुंड्यांना रोज तांब्याभर पाणी घालत जा. लोकसहभाग पाहिजे."

मी भांडायला तोंड उघडलं, तोवर काकूंनी हंड्यातलं पाणी कुंडीत ओतलंसुद्धा. म्हणाल्या, "झाडाचा काय कसूर?"

साहेबापेक्षा त्यांचाच राग जास्त आला.