उरलेला डेटा

२८ तारीख, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, पिल्लूला पापा. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई कुरकुरत नाही.

माझं जे काही बदललं ते काल, इंटरनेटच्या सुनावणीत अध्यक्षबाई "फोन दाखवा" म्हणाल्या त्या क्षणी. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर फाटे फोडत बसेन.

घरच्या इंटरनेटला कंपनीने महिन्याची मर्यादा घातलीय, तुला ठाऊकच आहे. ती संपली की वेग गोगलगायीचा. मग तिचा (कुणाचा ते विचारू नकोस) चेहरा पडद्यावर अडकायचा आणि आमचं भांडण अर्ध्यावर लटकायचं. गेल्या महिन्यात लटकलं ते लटकलंच. त्यात नियामक मंडळाने लोकांची मतं ऐकायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या इमारतीच्या वतीने बोलायला मीच पुढे झालो. बाबा म्हणाले, "कॉलेजात तोंड उघडलं असतंस तर पदवी मिळाली असती." पण इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर आले.

मी चांगला बोललो गं. म्हटलं, पाणी मोजून देता, समजू शकतो, टाकी रिकामी होते. हे कुठल्या विहिरीतून उपसून आणता? टाळ्या पडल्या. कंपनीचा वकील शांतपणे म्हणाला, "बहुतेक घरांना मर्यादा पुरून उरते. यांचंच बघा ना." म्हणून बाईंनी माझ्या फोनवर घरच्या इंटरनेटचा या महिन्याचा हिशेब उघडायला लावला.

महिना सरत आलेला, आणि निम्म्याहून जास्त डेटा तसाच पडून. वकील हसलासुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

कारण मला ठाऊक होतं. महिना सुरू होताच मी पासवर्ड बदलला होता. बाबांच्या कुस्त्या बंद, आईचे शिवणकामाचे व्हिडिओ बंद. तिचा फोन येईल तेव्हा चेहरा अडकता कामा नये, एवढंच डोक्यात. घरात सांगितलं, कंपनीचा घोळ आहे. दोघांनी मान डोलावली.

मागे खुर्ची सरकली. बाबा उभे.

"बाई, उरलाय कारण आम्ही वापरलाच नाही. पोराला एका फोनची वाट होती, तो आला नाही. उपाशी राहिलं की अन्न उरतंच. त्याला पुरलं म्हणतात का?"

त्यांना माहीत होतं, ताई. महिनाभर बंद पडद्यासमोर बसून मला रोज विचारायचे, "झालं का रे सुरू?" मी "नाही" म्हटलं की पेपर उघडायचे, तोच सकाळचा.

तू तिच्याशी बोलतेस, मला कळतं. माझ्यासाठी काही विचारू नकोस. वेग चांगला असता तरी तिला जे म्हणायचं होतं तेच ती म्हणाली असती.

पासवर्ड पुन्हा जुनाच केलाय. आतल्या खोलीत कुस्ती चालू आहे, आवाज मोठा.

काल बाबांचं बोलणं संपायच्या आत मी सभागृहातून बाहेर पडलो. बाई काहीतरी लिहून घेत होत्या, वकील पाणी पीत होता. दार लावून घेतलं, आवाज न करता. मी नेहमीसारखं दार आपटलं नाही, हे आईला सांगू नकोस. काळजी करत बसेल.

तुझा,
तापट